एका गाण्याचे बारा रुपये

जगातली सगळी गाणी विकत घ्यायची ठरवली, तर किती पैसे लागतील?

स्पॉटिफायसारख्या सेवांवर आज १० कोटींहून अधिक गाणी आहेत. दर गाण्याला १२ रुपये धरले तर होतात १२० कोटी रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साली मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यातल्या एखाद्या मजुरानं ही सगळी मजुरी गाण्यांवरच घालायची म्हटलं, तर त्याला ३८ लाख ४६ हजार दिवस राबावं लागेल. म्हणजे एकही खाडा न करता साडेदहा हजार वर्षं.

समजा, कुणी ती सगळी फुकट दिली. मग ऐकायला किती वेळ लागेल? एक गाणं सरासरी साडेतीन मिनिटांचं धरू. १० कोटी गाण्यांची होतात ३५ कोटी मिनिटं. रात्रंदिवस, झोप न घेता ऐकली तरी ६६६ वर्षं. सोनपेठच्या शेजारचा तालुका गंगाखेड, संत जनाबाईंचं गाव. परंपरेनुसार जनाबाईंची समाधी शके १२७२, म्हणजे इसवी सन १३५० ची. त्या दिवशी कानाला यंत्र लावून ऐकायला बसलेला माणूस २०१६ साली उठला असता.

आणि उठून बघतो तर ढीग पुन्हा तेवढाच. लुमिनेट ही संस्था जगभरातल्या गाण्यांची मोजदाद ठेवते. तिच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये या सेवांवर रोज एक लाखाच्या आसपास नवी गाणी चढत होती. माणूस चोवीस तासांत फार तर ४११ गाणी ऐकू शकतो. एका दिवसात आलेली गाणी ऐकायलाच आठ महिने लागणार.

मग ही गाणी ऐकतं तरी कोण? बहुतेक गाणी फारसं कुणी ऐकत नाही. लुमिनेटनं २०२३ च्या अखेरीस सगळ्या सेवा मिळून १८ कोटी ४० लाख गाणी मोजली. त्यातली सुमारे १५ कोटी ८६ लाख वर्षभरात हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजली. सुमारे ४ कोटी ५६ लाख गाणी एकदाही वाजली नाहीत. शंभरातली पंचवीस गाणी अशी, की वर्षभरात एकाही माणसानं ती लावली नाहीत.

सोनपेठच्या माणसानं एका गाण्याला १२ रुपये मोजावेत का, हा प्रश्न या पसाऱ्यात उभा आहे. जिथं गाणी फुकट ओसंडून वाहतात, तिथं पैसे देऊन एखादं उतरवून घेणं शहाणपणाचं आहे का? माझं उत्तर आहे, हो. सगळ्या गाण्यांसाठी नव्हे, काही गाण्यांसाठी. ती कोणती, हे आकडेच सांगतात.

सुटं गाणं विकायला लागलं तेव्हा

सुटं गाणं इंटरनेटवरून विकण्याचा धंदा मोठा केला तो ॲपलनं. आयट्यून्सचं दुकान २८ एप्रिल २००३ ला अमेरिकेत उघडलं. एका गाण्याचा दर ९९ सेंट. पहिल्या आठवड्यातच १० लाख गाणी खपली. फेब्रुवारी २०१० मध्ये विक्रीनं १,००० कोटींचा आकडा गाठला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये २,५०० कोटींचा. मधल्या तीन वर्षांत १,५०० कोटी गाणी, म्हणजे दर सेकंदाला १५८. 'जय हरी विठ्ठल' म्हणेपर्यंत दीडशेहून अधिक लोकांनी पैसे देऊन गाणं घेतलेलं असायचं.

सुरुवातीला त्या गाण्यांना कुलूप होतं. ठरावीक यंत्रांवरच ती वाजत. २००९ मध्ये ॲपलनं ते कुलूप काढलं आणि विकत घेतलेलं गाणं खऱ्या अर्थानं घेणाऱ्याचं झालं. पण हा बहर फार टिकला नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये १३३ कोटींहून अधिक सुटी गाणी विकली गेली आणि पुढच्याच वर्षी, आयट्यून्स सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, विक्री घटली. लोक महिन्याचे पैसे भरून हवं ते ऐकण्याकडे वळले होते. २०२४ मध्ये जगभरातल्या ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल होती २,९६० कोटी डॉलर. त्यात उतरवून घेतलेल्या गाण्यांचा वाटा उरला तीन टक्क्यांच्या आसपास.

आपल्याकडे दुकान उघडलं आणि मिटलं

भारतात फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयट्यून्सही आलं. गाण्याचे दर सहा-सात रुपयांपासून पंधरा रुपयांपर्यंत. अमेरिकेच्या मानानं हे फारच स्वस्त. तरी फ्लाइटनं जून २०१३ मध्ये, जेमतेम सव्वा वर्षात, गाशा गुंडाळला. कंपनीनं कारणंही सांगितली. गाण्यांची चोरी थांबत नाही आणि छोट्या रकमा सहज भरण्याची सोय नाही, तोवर हा धंदा मोठा होणार नाही.

ही कारणं किती खरी होती, हे सोनपेठच्या कुणालाही विचारा. त्या काळी बसस्थानकाजवळच्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' अशी पाटी असायची. काउंटरवर जुना संगणक आणि त्याला लावलेला कार्ड रीडर. पडद्यावर फोल्डरांची रांग: जुनी हिंदी, नवीन हिंदी, लग्नाची गाणी, भीमगीतं, भारुडं, लावणी, अभंग. गिऱ्हाईक फोनची मागची झाकणी काढायचं, बॅटरीखालून नखाएवढं कार्ड काढून द्यायचं आणि म्हणायचं, "भरून टाका समदी." पोरगा फोल्डर उचलून कार्डावर टाकायचा. हिरवी पट्टी सरकत सरकत पुढं जायची. पाच-दहा मिनिटांत काम फत्ते. वीस, तीस, फार तर पन्नास रुपये.

आता या कार्डाचा हिशेब करू. साध्या दर्जाचं एक गाणं साधारण ४ एमबीचं. २ जीबीच्या कार्डात ५०० गाणी बसतात. तीच गाणी १२ रुपयांनी रीतसर घेतली असती तर ६,००० रुपये झाले असते. २०१२-१३ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला १४५ रुपये. म्हणजे ४१ दिवसांची मजुरी. एकीकडं ४१ दिवसांचे कष्ट आणि दुसरीकडं पन्नासची एक नोट. या स्पर्धेत रीतसर दुकान टिकणं शक्यच नव्हतं.

त्यात पैसे भरायचे कसे, हा वेगळाच पेच. गाण्याला १२ रुपये द्यायला क्रेडिट कार्ड नाहीतर नेट बँकिंग पाहिजे. तालुक्याच्या गावात किती जणांकडे ते होतं? बारा रुपये खिशात होते, पण ते बंगळुरूच्या कंपनीला पोचवायचे कसे, हे माहीत नव्हतं.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. हीच माणसं गाण्यासाठी पैसे मोजत नव्हती, असं मुळीच नाही. त्याच काळात कॉलर ट्यूनची लाट होती. साधारण दर महिन्याला ३० रुपये आणि गाणं निवडायचे १५ रुपये. एका गाण्याचे पहिल्या वर्षाचे झाले ३७५ रुपये. तेवढ्यात १२ रुपयांची ३१ गाणी कायमची घरात आली असती. शिवाय ती ट्यून फोनच्या मालकाच्या कानावर पडतच नव्हती, ऐकायचा तो फोन लावणारा. तरी लोकांनी पैसे दिले, कारण ते देणं सोपं होतं. एक बटण दाबलं की टॉकटाइममधून आपोआप कापले जात. नव्वदच्या दशकातही घरोघरी पंचवीस-तीस रुपयांच्या कॅसेटी आल्याच होत्या. गाण्याला पैसे न देण्याचा आपला स्वभाव आहे, हा समज आकड्यांपुढं टिकत नाही. आपल्याला पैसे द्यायची वाट मिळाली नाही, हे जास्त खरं.

फुकटाचा महापूर

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि सगळं गणित पालटलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये १ जीबी डेटा सरासरी २६९ रुपयांना पडत होता. ४ एमबीचं गाणं उतरवायचं तर नुसता डेटाच रुपयाहून जास्त. काही वर्षांत तोच दर १० रुपयांच्या आसपास आला. आता त्याच गाण्याचा डेटाखर्च चार पैसे. मेमरी कार्डाचं दुकान या चार पैशांनी मोडलं. गाणी यूट्यूबवर वाजू लागली. उसाच्या ट्रॅक्टरवर, हॉटेलात, शेतात पंपाजवळ.

गाणी आता फुकट झाली, ऐकणारे वाढले, मग कलाकाराचं काय? फिक्की आणि ईवाय यांच्या अहवालानुसार २०२३ मध्ये भारतात ऑनलाइन गाणी ऐकणारे साडेअठरा कोटींच्या घरात होते. महिन्याचे पैसे भरणारे मात्र एक कोटीच्याही आत. बाकी सगळे जाहिराती ऐकत फुकट ऐकणारे.

एकदा गाणं वाजलं की हक्कदाराला किती मिळतं? ठरलेला दर नसतो, जमलेल्या पैशातून वाटे होतात. जगभराचा अंदाज २५ ते ४० पैशांच्या आसपास मांडला जातो. भारतात फुकट ऐकणारे इतके जास्त, की तो त्याहून खाली येतो. हिशेबासाठी आपण १० पैसे धरू.

आता गाणं विकलं तर काय? बारा रुपयांतले ३० टक्के दुकानाचे धरले, तर हक्कदाराकडे जातात ८ रुपये ४० पैसे. म्हणजे एका विक्रीची बरोबरी करायला तेच गाणं ८४ वेळा वाजायला हवं. रोज एकदा म्हटलं तर जवळपास तीन महिने.

हाच हिशेब जिल्ह्यावर मांडू. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. प्रत्येकानं एक गाणं एकदा वाजवलं, तर हक्कदाराला मिळतील १ लाख ८४ हजार रुपये. प्रत्येकानं तेच गाणं एकदा विकत घेतलं, तर १ कोटी ५४ लाख. माणसं तीच, गाणं तेच, फक्त पैसे देण्याची रीत बदलली.

हजाराच्या आतला कलाकार

मोठ्या कंपनीला १० पैशांचं काही वाटत नाही. तिच्याकडे लाखो गाणी असतात, एकेक गाणं कोट्यवधी वेळा वाजतं आणि पैशाला पैसा जोडत डोंगर उभा राहतो. 'सैराट'सारख्या चित्रपटाची गाणी गावोगाव वाजतात तेव्हा हा डोंगर दिसतो. पण सोनपेठ तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातल्या भजनी मंडळाचं काय? एप्रिलमध्ये दहा गावांत गाणाऱ्या भीमशाहिराचं? संबळाच्या तालावर रात्र जागवणाऱ्या गोंधळ्याचं? परभणीच्या राजाराम कदमांनी गोंधळाची ही परंपरा महाराष्ट्रभर नावारूपाला आणली. त्यांच्या वाटेनं चालणारे आजही आहेत. त्यांचं गाणं कोटी वेळा वाजणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

२०२४ पासून स्पॉटिफायनं एक नियम केला. मागच्या १२ महिन्यांत ज्या गाण्याला निदान १,००० श्रवणं मिळाली नाहीत, त्याला त्या हिशेबात पैसे मिळत नाहीत. कंपनीचं म्हणणं, इतकी छोटी रक्कम कलाकाराच्या हाती पोचतच नाही, वाटेतच अडकते. जगातल्या शंभरातल्या ८६ गाण्यांची पायरी हीच आहे. आपल्या गोंधळ्याचं गाणं शंभर माणसांनी वर्षात नऊ-नऊ वेळा ऐकलं, मनापासून ऐकलं, तरी होतात ९०० श्रवणं. मिळकत शून्य. त्याच शंभर माणसांनी ते गाणं थेट त्याच्याकडून बारा-बारा रुपयांना घेतलं असतं, तर १,२०० रुपये. आकडा छोटा दिसतो खरा, पण रोजगार हमीच्या दरानं ती जवळपास चार दिवसांची मजुरी आहे. शून्य आणि चार दिवस यांतला फरक ज्याच्या घरात चूल पेटवायची आहे, त्याला विचारावा.

सुटं गाणं विकण्याची रीत मोठ्यांसाठी जुनी झाली असेल. छोट्यासाठी आजही हिशेबात बसणारी रीत हीच आहे, कारण तिला गर्दी लागत नाही. शंभर चाहते पुरतात. बॅण्डकॅम्पसारखं संकेतस्थळ याच पायावर उभं आहे. तिथं कलाकार स्वतः दर लावतो, संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के ठेवतं आणि बाकी रक्कम पैसे भरायचा खर्च वजा जाऊन कलाकाराकडे जाते. या वाटेनं आजवर कलाकारांना आणि छोट्या संगीत कंपन्यांना १०० कोटी डॉलरहून अधिक मिळाले आहेत.

ऐकणाऱ्याचा फायदा

हे झालं कलाकाराचं. खिशातून पैसे घालणाऱ्याला काय परवडतं, तेही रोखठोक पाहू. स्पॉटिफाय २६ फेब्रुवारी २०१९ ला भारतात आलं तेव्हा महिन्याचा दर होता ११९ रुपये. वर्षाचे १,४२८. दहा वर्षं नेमानं भरले तर १४,२८० रुपये. एवढ्या पैशांत १२ रुपयांची १,१९० गाणी येतात, म्हणजे ६९ तासांचं संगीत.

दहा वर्षांनी महिन्याचे पैसे भरणं थांबवलं की हाती काय उरतं? काहीच नाही. मनासारखं ऐकण्याची सोय गेली, उतरवून ठेवलेली गाणीही वाजायची बंद. कंपनीनं दुकान बंद केलं तरी तेच. एअरटेलनं २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद केलं. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या गेल्या. विकत घेतलेल्या एमपीथ्री गाण्याला असा धोका नाही. फाइल आपल्या कार्डावर आहे, तिला ना रेंज लागते ना कुणाची परवानगी. लाईट गेली, टॉवर बंद पडला तरी ती वाजते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला रोज नवं ऐकायचं आहे, महिन्याला दोन-तीनशे वेगवेगळी गाणी चाळायची आहेत, त्याला सुटी खरेदी परवडणार नाही. त्यानं महिन्याचे पैसे भरावेत, तेच स्वस्त. आणि एखादं गाणं शेकडो वेळा वाजवणार असाल, तर ८४ चा आकडा ओलांडल्यावर ऐकण्यातूनही कलाकाराला विक्रीइतकंच किंवा जास्त मिळतं, पण गाणं हजाराची वेस ओलांडणारं असलं तरच.

काही गाण्यांना किंमत लावूच नये, हेही मानायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांच्या पुढाकारानं हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यात सोनपेठपासून फार लांब नसलेल्या माजलगावच्या बायकांच्याही ओव्या आहेत. ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या 'परी' या संकेतस्थळावर त्या कुणालाही फुकट ऐकता येतात. सगळ्यांनी मिळून घडवलेला तो ठेवा सगळ्यांसाठी खुलाच राहायला हवा. पण जो गायक आज गाण्यावर पोट भरतो, त्याचं गाणं आणि हा ठेवा यांत फरक आहे. त्याला फुकट मागणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं.

आता वाट मोकळी आहे

२०१३ मध्ये फ्लाइटनं दोन कारणं सांगितली होती. त्यातलं एक आज उरलेलंच नाही. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं. २०२४ या एका वर्षात त्यावर १७,२०० कोटी व्यवहार झाले. दर सेकंदाला सुमारे ५,४४०. ऑगस्ट २०२५ मध्ये तर एकाच महिन्यात २,००० कोटींचा टप्पा ओलांडला गेला. सोनपेठच्या बाजारात दहा रुपयांचा चहा, पंधरा रुपयांचा वडापाव क्यूआर कोडवर चालतो. बारा रुपये एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचवायला आता ना कार्ड लागतं ना बँकेची पायरी.

कायद्याचंही बळ आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांतल्या गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कुणाला लिहून देता येत नाही. गावाकडच्या कलाकारांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. पाच-दहा हजारांच्या एकरकमी बोलीवर गाणं देताना कागद वाचून सही करावी. आणि गाणं यूट्यूबवर टाकलं तरी खाली आपला क्यूआर कोड द्यावा, मूळ फाइलची किंमत लिहावी. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, पण मागितलं तर देणारे आहेत. कॉलर ट्यूनच्या काळात ते दिसलं आहे.

तेव्हा माझा निवाडा असा. येता-जाता ऐकायची हजारो गाणी महिन्याच्या पैशांत किंवा जाहिरातींसह ऐका, त्यात काही वावगं नाही. जी गाणी आयुष्यभर सोबत हवीत, ती विकत घ्या. आणि ज्याचा चेहरा तुम्हाला माहीत आहे, ज्याला तुमच्या गावच्या जत्रेत, सप्ताहात, जयंतीत ऐकलं आहे, त्याचं गाणं तर विकतच घ्या.

परभणी जिल्ह्यातल्या शंभरातल्या फक्त एका माणसानं वर्षाला दहा गाणी थेट जिल्ह्यातल्याच कलाकारांकडून घेतली, तर त्याला लागतील १२० रुपये आणि कलाकारांच्या हाती पडतील दरवर्षी २२ लाख. शंभरातला तो एक तुम्ही व्हा.